सातपुड्याची दरी आणि हॅमचा परवाना

धनत्रयोदशी जवळ आली की तळोद्याकडून आणि धडगावकडून अस्तंब्याच्या डोंगराकडे माणसांची रीघ लागते. अश्वत्थामा अजून याच डोंगरात फिरतो, कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागतो, अशी इथली श्रद्धा. शिखर तेराशे मीटरहून उंच, चढ दमवणारा. तरी नंदुरबार जिल्ह्यातून, गुजरातेतून, मध्य प्रदेशातून भाविक येतात आणि अंधारातही चढत राहतात. २०२५च्या ऑक्टोबरमध्ये या यात्रेहून परतणाऱ्या भाविकांची गाडी चांदसैली घाटात दरीत कोसळली आणि त्यातल्या काहींचा जीव गेला. याच घाटात २०२१च्या सप्टेंबरमध्ये दरड कोसळून रस्ता बंद झाला होता. तेव्हा एक नवरा आजारी बायकोला खांद्यावर घेऊन चालत निघाला. ती वाटेतच गेली. २०१९च्या संक्रांतीला धडगाव तालुक्यात भुषाजवळ नर्मदेत पूजेला निघालेली बोट उलटली आणि किमान सहा जण बुडाले.

रेडिओने दरड हटत नाही आणि उलटणारी बोट सावरत नाही. पण घाट बंद झालाय हे घरून निघण्याआधी कळणं, दवाखान्याला पेशंट पोचायच्या आत निरोप मिळणं, पलीकडच्या काठावरची बोट बोलावता येणं, हे सगळं कुणाचा तरी आवाज वेळेत पोचण्यावर अवलंबून असतं. आणि सातपुड्याच्या या पट्ट्यात आवाज पोचण्याचा भरवसा नाही. अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतल्या पाड्यांवर रेंज कुठे मिळते हे लोकांना पाठ असतं: अमक्या वळणावर, शाळेमागच्या खडकावर, तमक्याच्या शेताच्या वरच्या बांधावर. तीही कधी गुजरातच्या टॉवरची, कधी मध्य प्रदेशच्या. निवडणूक आली की प्रशासन अशा मतदान केंद्रांना ‘शॅडो एरिया’ म्हणतं आणि तिथे पोलिसांच्या बिनतारी संचांची सोय करतं. मणिबेलीसारख्या गावाकडे मतपेटीची माणसं बोटीने जातात. मतदान संपलं की संचही परत जातात.

मला इथे लिहायचं आहे ते एका परीक्षेबद्दल. हौशी बिनतारी केंद्र, म्हणजे हॅम रेडिओ, चालवायचं तर केंद्र सरकारची परीक्षा द्यावी लागते. ती किती अवघड असावी यावर जगभरचे हॅम गेली पन्नासेक वर्षं हिरिरीने वाद घालत आले आहेत. हा वाद बहुतेक वेळा शहरातल्या, घरावर अँटेना उभारायला गच्ची असलेल्या माणसांमध्ये होतो. तो सातपुड्यात उभं राहून पाहिला तर त्यातले बरेच मुद्दे जागा बदलतात.

आधी भारतात आज काय चालतं ते सांगतो. दूरसंचार विभागाची वायरलेस प्लॅनिंग अँड को-ऑर्डिनेशन विंग, सगळे तिला डब्ल्यूपीसी म्हणतात, ही परीक्षा घेते. वयाची अट बारा वर्षं पूर्ण. दोन श्रेणी आहेत: रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. लेखी परीक्षेचे दोन भाग; एक रेडिओचं तंत्र, दुसरा नियम. रिस्ट्रिक्टेडला प्रत्येक भागात ४० टक्के आणि एकूण ५० टक्के मिळाले की पास. जनरलला गुणांची अट थोडी वरची, आणि शिवाय मोर्स: मिनिटाला आठ शब्द, म्हणजे चाळीस अक्षरं, ऐकून लिहायची आणि चावीवर पाठवायची. पूर्वी श्रेणी जास्त होत्या आणि वरच्या श्रेणींना मोर्सचा वेग मिनिटाला बारा शब्दांचा होता. २००९च्या दुरुस्तीने श्रेणी दोन झाल्या आणि वेग आठवर आला. रिस्ट्रिक्टेड हॅमचं कॉलसाइन व्हीयू३ने सुरू होतं, जनरलचं व्हीयू२ने. एचएफ पट्ट्यांवर पहिल्याला ५० वॅटपर्यंत शक्ती वापरता येते, दुसऱ्याला ४०० वॅटपर्यंत. पास झाल्यावर पोलीस पडताळणी होते, मग परवाना. या सगळ्यात वर्षही उलटू शकतं.

मोर्सवरून जितकी भांडणं झाली तितकी दुसऱ्या कशावरून झाली नसतील. बारा शब्दांच्या वेगाने पास झालेल्या जुन्या हॅमना वाटतं की मोर्स ही चाळणी होती. रोज तासभर बसून डिट आणि डा कानात मुरवणारा माणूस या छंदात टिकतो, हवेत शिस्तीने वागतो, पट्टा घाण करत नाही. या म्हणण्यात तथ्य आहे आणि मी ते हसण्यावारी नेणार नाही. पण जग दुसरीकडे गेलं. २००३ साली जिनिव्हाच्या जागतिक रेडिओ परिषदेने ३० मेगाहर्ट्झखालच्या पट्ट्यांसाठी मोर्सची आंतरराष्ट्रीय सक्ती उठवली आणि निर्णय ज्या त्या देशावर सोडला. ब्रिटनने त्याच वर्षी मोर्सची अट काढली. अमेरिकेने फेब्रुवारी २००७मध्ये काढली. तिथला पहिला परवाना, टेक्निशियन, आज ३५ प्रश्नांपैकी २६ बरोबर आले की मिळतो आणि प्रश्नसंच सगळा आधीच जाहीर असतो. भारताने मोर्स ठेवलं. आपल्याकडे २०१३च्या जुलैत तारसेवाच बंद झाली, तरी जनरल परवान्याच्या दारात चावी अजून आहे.

परीक्षा सोपी केली की हॅम वाढतात का? जपानने १९५८मध्येच मोर्स नसलेला प्राथमिक वर्ग सुरू केला होता आणि नव्वदीच्या मध्यावर तिथली हौशी केंद्रं १३ लाखांच्या वर गेली. जगात दुसरीकडे कुठेही तेव्हा एवढे हॅम नव्हते. मग मोबाइल आला आणि परीक्षा तितकीच सोपी असूनही जपानचा आकडा कोसळला. म्हणजे सोपेपणाने माणसं आत येतात, पण टिकवून ठेवायला काहीतरी काम लागतं. जपानी तरुणाला गप्पांसाठी रेडिओ लागायचा. फोनने ती गरज भागवली. जिथे फोन गरज भागवत नाही तिथे गणित वेगळं असणार, आणि नंदुरबारचा उत्तर भाग अशा जागांपैकी आहे.

आता तंत्राकडे येतो, कारण परीक्षा कशाची घ्यायची हे जमिनीवरून ठरतं. हातात मावणारा वॉकीटॉकी चालतो तो व्हीएचएफवर, १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या हॅम पट्ट्यात. या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. शहाद्याच्या सपाटीवरून तोरणमाळ दिसतं. तोरणमाळ साडेअकराशे मीटरच्या आसपास, म्हणजे खालच्या मैदानापेक्षा जवळजवळ हजार मीटर वर. तिथे रिपीटर, म्हणजे आलेला आवाज पुन्हा प्रक्षेपित करणारा संच, बसवला तर मैदानाच्या बाजूला सव्वाशे किलोमीटरच्या आसपास क्षितिज मोकळं मिळतं. शहादा, तळोदा, नंदुरबार शहर, पलीकडे धुळे जिल्ह्याचा भाग, सगळं आवाक्यात. पण उत्तरेला नर्मदेकडे उतरणाऱ्या दऱ्यांमध्ये डोंगर आडवा येतो. सरदार सरोवराचं पाणी २०१९च्या सप्टेंबरमध्ये पहिल्यांदा १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीला पोचलं, तेव्हापासून या दऱ्यांच्या तळाशी पाणी आहे आणि वस्ती उतारांवर सरकली आहे. अशा उतारावर उभं राहून व्हीएचएफचं बटण दाबलं तर आवाज समोरच्या कड्यावर आपटून संपतो.

तिथे ७ मेगाहर्ट्झ कामाला येतं. या लहरी वर पाठवल्या की आयनांबर त्यांना खाली परतवतं आणि त्या डोंगराच्या डोक्यावरून दोनशे-तीनशे किलोमीटरच्या परिसरात सगळीकडे उतरतात. यासाठी अँटेना उंच लागत नाही, उलट ठेंगणीच बरी. तांब्याची साधी तार घ्यायची. लांबी काढायला १४२.५ला मेगाहर्ट्झच्या आकड्याने, इथे ७.१ने, भागलं की वीस मीटर येतात. मधोमध कापून दहा-दहा मीटरच्या दोन बाजू करायच्या, मध्ये कोएक्स केबल जोडायची, दोन्ही टोकांना पीव्हीसी पाइपचा तुकडा इन्सुलेटर म्हणून बांधायचा आणि नायलॉनच्या दोरीने दोन मोहाच्या झाडांमध्ये चार-पाच मीटरवर ताणायची. तार थोडी लांबच ठेवायची आणि मीटरवर एसडब्ल्यूआर, म्हणजे तार संचाशी किती जुळली याचं माप, बघत दोन्हीकडून चिमटा चिमटा कमी करत न्यायची. आकडा दीडच्या खाली आला की गाठ पक्की. आयटीआयच्या इलेक्ट्रिशियनच्या मुलाला हे काम एका दुपारी येतं. संच १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो, बॅटरी सोलरवर. हैदराबादच्या अशर फरहान यांनी बिटएक्स नावाचा संच आखला तो इथल्या बाजारात मिळणाऱ्या सुट्या भागांतून, घरी डाग देऊन तयार करता यावा म्हणून. जगभरच्या हॅमनी तो बांधला. महागडा परदेशी संच ही अट नाही.

या ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्याला आपल्याकडे एक इतिहास आहे. २७ ऑगस्ट १९४२ला मुंबईत काँग्रेस रेडिओ पहिल्यांदा बोलला. उषा मेहता तेव्हा बावीस वर्षांच्या. तांत्रिक बाजू नरिमन प्रिंटर यांच्याकडे होती. ते परवानाधारक हौशी रेडिओवाले होते आणि भायखळ्याला तांत्रिक शिक्षणाची संस्था चालवत. युद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने हौशी परवाने गोठवले आणि ट्रान्समीटर पोलिसांत जमा करायला लावले होते. शिकागो रेडिओ या कंपनीचे नानक मोटवाने यांची मदत होती. जागा बदलत बदलत हे केंद्र १२ नोव्हेंबरपर्यंत चाललं. त्याच आठवड्यांत, ९ सप्टेंबरला, नंदुरबारच्या चौकात शिरीषकुमार आणि त्याचे सोबती गोळीबारात पडले. काँग्रेस रेडिओ ४२.३४ मीटरवर बोलत असे. ३००ला ४२.३४ने भागा, ७.०८५ मेगाहर्ट्झ येतात. आज भारतातले हॅम सकाळ-संध्याकाळ ज्या पट्ट्यात भेटतात, मणिबेलीहून नंदुरबारला निरोप पोचवायला जो पट्टा लागेल, तो हाच.

सरकार हौशी रेडिओकडे सावधपणे का बघतं याचंही उत्तर या हकिगतीत आहे. परवाना रद्द करता येतो, अंगात आलेलं कसब रद्द करता येत नाही. स्वतंत्र भारताच्या सरकारलाही ही सावधगिरी वाटली तर मी तिला दोष देणार नाही. तीन राज्यांच्या सीमेवरचा डोंगराळ मुलूख आहे. कोण काय प्रसारित करतंय हे कळलंच पाहिजे. ऑनलाइन बाजारात हजार-दोन हजारांत वॉकीटॉकी मिळू लागले आणि परवाना कुणीच विचारेना, तेव्हा २०२५मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला या विक्रीवर बडगा उगारावा लागला. असे संच हॅम पट्ट्याच्या बाहेरही सर्रास चालतात. चुकीचा नॉब फिरवला की माणूस पोलिसांच्या किंवा दुसऱ्या कुठल्या अत्यावश्यक सेवेच्या फ्रिक्वेन्सीवर बसतो, आणि बटण दाबून ठेवलं तर ती पूर्ण बंद पाडतो. अपघाताच्या रात्री घाटात असं घडलं तर मदतीलाच अडथळा. दुसरा धोका शरीराचा. अकरा हजार व्होल्टच्या लाइनखालून तार ओढणं, जूनच्या पहिल्या वादळात अँटेनाची केबल घरातच ठेवणं, यात माणसं मरतात. म्हणून परीक्षा नको म्हणणाऱ्यांशी माझं जमणार नाही. परीक्षा हवी, आणि काही बाबतींत आजच्यापेक्षा कडक हवी.

कुठल्या बाबतींत, ते एका निरोपावरून सांगतो. समजा नर्मदेकाठच्या पाड्यावरून कळवायचं आहे: सर्पदंश, मुलगी, वय अकरा, चावून चाळीस मिनिटं झाली, बोट पाठवा. नवखा माणूस बटण दाबता दाबताच बोलायला लागतो. संचाला हवेत जायला क्षणभर लागतो, त्यामुळे पहिला शब्द जातच नाही. आणि पहिला शब्द हमखास गावाचं नाव असतो. मग तो सगळं एका दमात सांगतो. ऐकणाऱ्याला अकरा की अठरा ते कळत नाही, तो मध्येच विचारतो, दोघांची बटणं एकदम दाबली जातात आणि कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही. शिकलेला ऑपरेटर बटण दाबून थांबतो. आधी समोरच्याचं कॉलसाइन, मग आपलं, मग ‘इमर्जन्सी’. गावाचं नाव दोनदा, अक्षरं फोडून. आकडा सुटा सुटा: एक, एक, अकरा. छोट्या छोट्या तुकड्यांत, प्रत्येक तुकड्यानंतर ‘ओव्हर’. समोरचा कागदावर लिहितो आणि लिहिलेलं परत वाचून दाखवतो. दोघांच्या लॉगबुकात वेळ पडते. हा निरोप पोचवायला त्याला नवख्यापेक्षा मिनिटभर जास्त लागतं आणि तो एकदाच पोचवावा लागतो.

हे कसब आजच्या परीक्षेत कुठे तपासलं जातं? कुठेच नाही. प्रात्यक्षिक म्हणून जे आहे ते फक्त मोर्स, आणि तेही फक्त जनरलला. रिस्ट्रिक्टेड परवाना निव्वळ लेखी परीक्षेवर मिळतो. ज्याने परीक्षकासमोर एकदाही मायक्रोफोन हातात धरलेला नाही त्याला आपण हवेत बोलायचा अधिकार देतो. आणि ज्याला बॅटरीच्या संचावर फक्त आवाजाने निरोप पोचवायचाय त्याला जास्त शक्तीचा परवाना हवा असेल तर चावी बडवायला लावतो. गाडीचं लायसन्स देताना कुणी नुसता लेखी पेपर घेऊन सोडत नाही, आठ आकडा काढायला लावतात. रेडिओला तो आठ आकडा नाही. परीक्षा किती कठीण, यापेक्षा कठीणपणा कुठे ठेवलाय, हा मला खरा प्रश्न वाटतो.

१९७८च्या हौशी सेवा नियमांत एक तरतूद आहे, ती या जिल्ह्यासाठी फार मोलाची आहे. एरवी हॅमने तिऱ्हाइताचे निरोप वाहून न्यायचे नसतात. भूकंप, पूर, वादळ, मोठी आग अशा आपत्तीत मात्र ते नेता येतात. अट एवढीच की निरोप सक्षम नागरी अधिकाऱ्याकडून निघालेला किंवा त्याच्याकडे जाणारा असावा. या अधिकाऱ्यांत जिल्हाधिकारी येतात. म्हणजे हॅम आणि कलेक्टर कचेरी यांचं नातं नियमातच लिहून ठेवलेलं आहे. १९९३च्या किल्लारीच्या भूकंपात, २००१च्या कच्छच्या भूकंपात हॅम मंडळींनी असे निरोप वाहिले. २००४च्या डिसेंबरात भारती प्रसाद आपल्या गटासह अंदमानात होत्या, आल्या होत्या जगभरच्या हॅमना त्या दुर्मिळ बेटांवरून संपर्क मिळवून द्यायला. २६ तारखेला त्सुनामी आली, फोन गेले, आणि हौसेसाठी लावलेलं त्यांचं केंद्र पोर्ट ब्लेअरहून मुख्य भूमीवर खुशाली कळवायचं साधन झालं. त्यांच्या आधीच्या अनेक वर्षांच्या सरावात आकडे नीट सांगण्याचा, शांतपणे ऐकण्याचा, नेट म्हणजे अनेक केंद्रांचं एकत्र बोलणं चालवण्याचा भाग होता. तो त्यांनी परीक्षेसाठी कमावला नव्हता. पण प्रत्येक जिल्ह्याला असा गट योगायोगाने लाभत नाही, म्हणून तो भाग परीक्षेत यायला हवा.

मोर्सचं काय करायचं? मी ते शिकवावं असंच म्हणेन. मोर्सचा सिग्नल दीडशे हर्ट्झमध्ये मावतो, आवाजाला अडीच-तीन हजार लागतात. म्हणून पाच वॅटचा घरगुती संच जिथे आवाज पोचवू शकत नाही तिथे डिट-डा पोचवतो. पावसाळ्यात ढगांमुळे सोलर बॅटरी अर्धी भरलेली असेल तेव्हा याची किंमत कळते. आणखी एक गोष्ट मला इथे आल्यावरच जाणवली. शहरात मोर्स ही सर्वांत मोठी भिंत समजली जाते. धडगावच्या मुलासाठी ती तशी नाही. मोर्स कानाने शिकायचं असतं. ढोल आणि पावरी ऐकत वाढलेल्या पोराला ताल पकडायला इंग्रजी यावं लागत नाही, ॲप एकदा फोनमध्ये उतरवून घेतलं की रेंजही लागत नाही. त्याची भिंत लेखी पेपर ही आहे. २०११च्या जनगणनेत नंदुरबारची साक्षरता ६४.४ टक्के होती, राज्यात सर्वांत कमी; लोकसंख्येत जवळजवळ ७० टक्के आदिवासी. घरात पावरी बोली किंवा भिली, नाहीतर मावची, शाळेत मराठी, बाजारात अहिराणी आणि गुजराती, आणि परवान्याच्या पेपरात एकदम इंग्रजीतला इम्पीडन्स. ओहमचा नियम त्याला येतो. विहिरीवरची मोटर त्याने दुरुस्त केलेली असते. प्रश्न कळत नाही. म्हणून जनरलची मोर्सची अट काढून तिच्या जागी निरोपाचं प्रात्यक्षिक ठेवावं आणि मोर्स ज्याला यायचं त्याला स्वतंत्र शेरा द्यावा, पण नंदुरबारपुरतं बोलायचं तर याआधी पेपर मराठीत यायला हवा. तांत्रिक शब्द इंग्रजीच राहू द्या, कॅपॅसिटरला कॅपॅसिटरच म्हणा. वाक्य मराठीत असू द्या.

अंतराचाही विचार करा. महाराष्ट्रात ही परीक्षा द्यायची तर मुंबई किंवा नागपूर. धडगावहून मुंबई साडेचारशे किलोमीटरच्या आसपास; घाट उतरून शहादा, तिथून पुढे एसटी किंवा दोंडाईच्याहून, नंदुरबारहून रेल्वे. तासाभराच्या पेपरासाठी जाऊन येऊन दोन-तीन दिवस, मजुरी बुडते, मुक्कामाचा खर्च वेगळा. परीक्षेची फी किरकोळ आहे. हा खर्च किरकोळ नाही. मोर्सची परीक्षा असेल तर परीक्षकासमोर बसावंच लागतं, हे खरं. पण परीक्षक प्रवास करू शकतो. २९ सप्टेंबर २०१०ला देशातलं पहिलं आधार कार्ड याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. बोटांचे ठसे, डोळ्यांची बुबुळं टिपणारी यंत्रं घेऊन सगळी यंत्रणा त्या गावापर्यंत आली, पंतप्रधानही आले. माणसाची ओळख नोंदवायला दिल्ली टेंभलीपर्यंत येऊ शकते, तर त्याच माणसाला आपत्तीत बोलण्याचा परवाना द्यायला एक परीक्षक वर्षातून दोनदा शहाद्याच्या एखाद्या कॉलेजपर्यंत नक्की येऊ शकतो.

पडताळणीबद्दलही हेच. ती व्हावी, पण मुदतीत. बारा वर्षांच्या मुलीने सहावीत पेपर दिला आणि परवाना हातात पडेपर्यंत ती आठवीत गेली, तर तिचा उत्साह कुणी सांभाळायचा? ब्रिटनने २००२मध्ये फाउंडेशन नावाचा पहिला टप्पा आणला. थोडा अभ्यास, थोडं प्रात्यक्षिक आणि सुरुवातीला फक्त दहा वॅट शक्ती. चुकलं तरी फार कुणाला त्रास होत नाही आणि शिकणं हवेतच होतं. आपल्या रिस्ट्रिक्टेडच्या खाली असा टप्पा असावा, आश्रमशाळेतल्या, एकलव्य शाळांतल्या मुलांसाठी. पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी बांधलेला स्वयम् हा किलोभराचा उपग्रह २२ जून २०१६ला पीएसएलव्हीने कक्षेत सोडला. त्याचं काम हॅम पट्ट्यातून छोटे निरोप साठवून पृथ्वीवर दुसरीकडे पोचवण्याचं होतं. पुण्याच्या मुलांना आकाशातून निरोप पाठवायला जे शिकता आलं, त्याची पहिली पायरी मोलगीच्या मुलांना त्यांच्या शाळेच्या अंगणात मिळाली पाहिजे.

जुन्या हॅमना भीती आहे की दारं उघडली की पट्टा बिघडेल. ती भीती मी गंभीरपणे घेतो, म्हणूनच प्रात्यक्षिकाच्या बाबतीत सवलत मागत नाही. लेखी पेपरात सुरक्षेचे आणि पट्ट्याच्या हद्दीचे प्रश्न सक्तीचे करावेत. अकरा हजारांच्या लाइनवरचा प्रश्न चुकला तर बाकीचे ९० टक्के गुण मिळूनही नापास. एकूण टक्केवारीच्या आड असं अज्ञान लपायला नको. ५० टक्के मिळवून पास होणाऱ्याला कुठले ५० टक्के येत नाहीत, हे आजच्या पद्धतीत कुणी विचारत नाही.

आणि प्रात्यक्षिक असं घ्यावं. नंदुरबारला जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्ष आहेच. परीक्षकाने तिथे बसावं. उमेदवाराला परवानाधारक हॅमच्या देखरेखीखाली दरीत पाठवावं, हातात बॅटरी, संच आणि गुंडाळलेली तार देऊन. तार त्याने स्वतः बांधावी, एसडब्ल्यूआर बघावा, फ्रिक्वेन्सी मोकळी आहे का ते आधी ऐकावं. मग त्याला एक बंद पाकीट द्यावं. आत पंधरा-वीस शब्दांचा निरोप, त्यात गावाचं नाव, माणसांचा आकडा, वेळ. त्याने तो मराठीत, हिंदीत किंवा इंग्रजीत, त्याला ज्या भाषेत नीट येईल त्या भाषेत कक्षापर्यंत पोचवावा आणि कक्षाकडून आलेला उलट निरोप लिहून घ्यावा. दोन्ही कागद शेजारी ठेवून तपासावेत. उच्चार अडखळला, आवाज कापरा झाला, दोनदा सांगावं लागलं, तरी गुण कापू नयेत. गाव, आकडा किंवा वेळ यांपैकी एक जरी चुकलं तरी नापास करावं, आणि पुढच्या फेरीला त्याच जिल्ह्यात पुन्हा बसू द्यावं.